छपराची अट

गरिबास घर द्यावें काय, हा प्रश्न आतां सुधारलेल्या राष्ट्रांत फारसा कोणी विचारीत नाहीं. किती द्यावें, कोठें द्यावें, कोणाच्या पैशानें द्यावें, याविषयीं वाद चालतात. पण द्यावयाचें, एवढें बहुतेकांनीं पत्करलें आहे. त्याच्या पुढचा प्रश्न मात्र तितक्या उघडपणें विचारला जात नाहीं, आणि नीतीच्या दृष्टीनें तोच अधिक अवघड आहे. घर दिल्यावर त्या घरांतल्या माणसाचें काय करावयाचें? सरकारी गाळ्यांतून राहणाऱ्या कुटुंबांसाठीं पाळणाघरें, रात्रीचे वर्ग, दवाखाने, कर्जफेडीचा सल्ला, नोकरी शोधून देण्याची सोय, असे नाना उपक्रम आज देशोदेशीं चालू आहेत. त्यांची उपयुक्तता कोण नाकारील? परंतु ज्याच्या हातीं आपल्या घराची किल्ली आहे तोच जेव्हां आपल्या कल्याणाची चिंता वाहूं लागतो, तेव्हां त्या चिंतेचा अर्थच थोडा पालटतो. घरजांवयास हें समजावून सांगावें लागणार नाहीं.

या बाबतींत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, किल्ली द्या आणि बाजूला व्हा; माणूस गरीब असतो तो पैशानें, अकलेनें नव्हे. दुसरा म्हणतो, ज्यांना हलाखीच्या संवयी पिढ्यान्‌पिढ्या जडल्या आहेत त्यांना नुसत्या भिंती देऊन काय होणार? चार वर्षांत नव्या भिंतींना जुनी कळा येईल. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकजण, मनांतल्या मनांत कां होईना, या दुसऱ्या पक्षाचे असतील असा माझा तर्क आहे. मोलकरणीला पगाराबरोबर उपदेश देण्याची रीत आपल्या घरांतून अद्याप गेलेली नाहीं.

या दुसऱ्या पक्षाचें मूळपीठ लंडन शहरांत आहे. १८६५ सालीं ऑक्टेव्हिया हिल नांवाच्या एका तरुण बाईनें मॅरिलेबोन भागांतल्या पॅराडाइज प्लेस या गल्लींतलीं तीन घरें चालवावयास घेतलीं. पैसा प्रसिद्ध ग्रंथकार जॉन रस्किन यांचा. त्यांची अपेक्षा एवढीच कीं या व्यवहारांत शेंकडा पांच नफा सुटावा, म्हणजे इतर धनिकांनाही हा मार्ग सुचेल. गल्लीचें नांव नंदनवन, पण नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, अशी तेथील अवस्था होती. हिलबाई दर आठवड्यास स्वतः दारोदार जाऊन भाडें वसूल करीत. भाडें घेतां घेतां मुलांची विचारपूस होई, गळक्या छपराची तक्रार ऐकली जाई, हातांला काम नसलेल्या भाडेकऱ्यास दुरुस्तीचें काम मिळे, आणि चार पेनी शिल्लक टाकण्याची गोष्ट निघे. नफा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर तो घरांच्या सुधारणेंत घातला जाई. पुढें या कामासाठीं त्यांनीं अनेक स्त्रिया तयार केल्या.

या बाईंविषयीं मला मोठा आदर वाटतो. त्यांनीं अशी एक गोष्ट पाहिली, जी इमारती बांधणाऱ्यांना सहसा दिसत नाहीं. भाडेकऱ्याला घरमालक म्हणून जो कोणी प्रत्यक्ष भेटतो तो वसुलीचा माणूस. तेव्हां त्या भेटीचा अपमान होऊं द्यावयाचा कीं ओळख, हें मालकाच्या हातीं आहे. पण त्यांच्या पद्धतींत भाडें थकलें कीं बाहेर, हा नियमही तितकाच कडक होता. मैत्रीसाठीं दार ठोठावणारा हात आणि घर खालीं करा म्हणून सांगणारा हात एकच. अशा स्थितींत त्या भाडेकरीण बाईच्या मनाचें काय होत असेल, याचा विचार करावा. चुलीवर दूध उतूं जात असलें तरी ती पाहुणीसमोर हंसतमुखानें उभीच राहणार. नवऱ्याचें काम सुटलें असलें तरी तें ती सांगणार नाहीं, आणि न सांगितल्यामुळें जी मदत मिळावयाची तीही मिळणार नाहीं. मैत्री खोटी होती असें माझें म्हणणें नाहीं. ती एका बाजूनेंच मोकळी होती. नगरपालिकांनीं घरें बांधावीं, वृद्धांना सरकारनें वेतन द्यावें, या दोन्ही गोष्टींना हिलबाईंचा विरोध होता, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. दुसऱ्यास शिस्त लावण्याची सोय ज्यामुळें कमी होईल तें त्यांना नकोसें वाटे.

याच्या अगदीं उलट प्रकार मुंबईनें पाहिला. १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या अमदानींत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालें, कापसाच्या गांठीमागें एक रुपया कर बसला, आणि गिरणगांवांतल्या कामकऱ्यांसाठीं पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सुटला. प्रत्यक्षांत २०७ चाळी उभ्या राहिल्या: वरळीस १२१, नायगांवला ४२, डिलाइल रोडवर ३२ आणि शिवडीस १२. एकेका चाळींत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, शौचकूप मजल्यागणिक सामाईक. या त्या बी. डी. डी. चाळी. येथें हिलबाईंसारखें दारीं येणारें कोणी नव्हतें. एंजिनियर आले, सिमेंट ओतलें, हिशेब पुरा करून गेले. आणि ज्यांच्यासाठीं हा खटाटोप केला ते कामकरी फिरकेनात. भाडें जड, गिरणी लांब. बाजार, शाळा, दवाखाना यांचा विचार मागाहून व्हावयाचा. हजारों खोल्या वर्षानुवर्षें ओस पडल्या, आणि १९३० च्या कायदेभंगांत वरळीच्या कांहीं चाळींचा सरकारला तुरुंग म्हणून उपयोग सुचला. राहावयास कोणी येईना तेव्हां कोंडावयास माणसें आणलीं, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

तेव्हां नुसती किल्ली देऊन बाजूला होणें हेंही पुरेसें नाहीं. पण या चाळी पुढें वसल्या, नांदत्या झाल्या, त्या कशानें? नारायण मल्हार जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग १९११ पासून कामकऱ्यांच्या वस्तींतून रात्रीच्या शाळा, वाचनालयें, दवाखाने आणि सहकारी पतपेढ्या चालवीत होती. डिलाइल रोडला आज त्यांचेंच नांव आहे. नागपाड्यास क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्यानें शेजारधर्माचें केंद्र उघडलें होतें, आणि १९३६ सालीं समाजसेवेचें शिक्षण देणारी टाटांची संस्था निघाली ती तेथेंच, त्यांच्याच नेतृत्वाखालीं. या दोन्ही उद्योगांत एक साम्य होतें, आणि माझ्या मतें सगळी मख्खी तेथेंच आहे. त्यांतला कोणीही घरमालक नव्हता. जो रात्रीच्या शाळेंत आला तो शिकला. जो आला नाहीं त्याच्या खोलीला त्यामुळें कांहीं धोका नव्हता.

आणि लीगच्याही आधीं रहिवाशांनीं स्वतःची व्यवस्था लावली होती. गिरणगांवांत कोंकणांतल्या एकेका गांवच्या मंडळाची खोली असे. गांवाहून आलेला नवखा पोरगा वळकटी घेऊन तेथें उतरे, आणि कोणी तरी ओळखीचा त्याला गिरणीच्या दारापर्यंत नेई. खानावळी चालविणाऱ्या बायांनीं पगार होईपर्यंत उधारीवर किती तोंडें पोसलीं याची नोंद कोणत्याही खात्यांत नाहीं. व्यायामशाळा निघाल्या, भजनी मंडळें निघालीं, आंबेडकर जयंतीची वर्गणी जमूं लागली. या व्यवस्थेचा फार गोडवा गाण्याचें कारण नाहीं. गांवाची खोली गांवच्याच माणसाला, आणि पुष्कळदां जातीच्याच माणसाला, उघडी असे. ज्याला गांवच उरलें नव्हतें त्यानें जावें कोठें? विधवेला, परजातींत लग्न केलेल्याला, भांडून निघालेल्याला शेजार कधीं कधीं सरकारापेक्षांही निष्ठुर होतो. म्हणून बाहेरच्या मदतीची गरज आहेच. प्रश्न तिच्या अटीचा आहे.

मॅनशार्ट यांच्या मायदेशीं सरकारी घरांचा जो इतिहास पुढें घडला, त्यांत या अटीचीं सर्व रूपें पाहावयास मिळतात. सेंट लुई शहरीं प्रुइट-आयगो नांवाची वसाहत बांधली, तींत १९५४ सालापासून लोक राहूं लागले. अकरा अकरा मजल्यांच्या ३३ इमारती; लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावर थांबे, आणि त्या मजल्यांवर लांबरुंद सज्जे होते. शेजारणींनीं तेथें बसावें, मुलांनीं खेळावें, असा योजकांचा हेतु. वरळीच्या चाळींत असा हेतु कोणीं धरला नव्हता. दोन्हीकडच्या खोल्यांमधला बोळ केवळ जाण्यायेण्यासाठीं होता. तरी वरळीच्या बोळांत पापड लाटले गेले, लग्नें जुळलीं, परीक्षेचे अभ्यास झाले. आणि सेंट लुईच्या सज्जांतून जावयास लोक भिऊं लागले. याचें कारण माणसांच्या स्वभावांत शोधण्याचा मोह आवरावा. तेथील कायद्यानें बांधकामास मध्यवर्ती सरकारचा पैसा मिळे, पण देखभाल भाड्याच्या उत्पन्नांतून करावयाची होती. बऱ्या स्थितींतलीं कुटुंबें निघून गेलीं तसें उत्पन्न आटलें. दुरुस्त्या थांबल्या, लिफ्ट बंद पडल्या, आणि राहिलेल्यांचें भाडें वाढलें. भरीस भर म्हणून, सरकारी मदत घेणाऱ्या आईच्या घरांत धट्टाकट्टा पुरुष राहतां कामा नये, असा दंडक त्या काळीं तेथील अनेक राज्यांत होता. मुलांना मदत हवी तर बापानें घर सोडावें! आलाबामा राज्याचा अशाच जातीचा एक नियम सर्वोच्च न्यायालयानें १९६८ सालीं रद्द ठरविला. तोंवर किती घरें अशीं मोडलीं असतील, आणि ज्यांनीं तीं मोडलीं तेच कुटुंबव्यवस्था ढासळल्याबद्दल या लोकांना नांवें ठेवीत होते.

१९६९ सालीं सेंट लुईच्या सरकारी घरांतल्या भाडेकऱ्यांनीं भाडें देण्याचें थांबविलें. कांहीं कुटुंबांचें निम्म्याहून अधिक उत्पन्न भाड्यांत जात होतें. नऊ महिने संप चालला, आणि त्याच वर्षीं सिनेटर एडवर्ड ब्रूक यांच्या दुरुस्तीनें असा कायदा झाला कीं सरकारी घराचें भाडें उत्पन्नाच्या शेंकडा २५ हून अधिक घेऊं नये. (१९८१ सालीं हें प्रमाण ३० झालें.) प्रुइट-आयगोच्या इमारती १९७२ पासून पाडण्यांत आल्या, आणि शिल्पशास्त्रावरचे ग्रंथ त्या सुरुंगाचें चित्र अजून छापतात. संपाचें चित्र कोणी छापीत नाहीं. वास्तविक त्या घरांतल्या रहिवाशांची सर्वांत मोठी सोय ज्या नियमानें झाली, तो त्यांच्या सुधारणेसाठीं नेमलेल्या कोणाला सुचला नव्हता. तो त्यांनींच भांडून मिळविला.

पण या नियमाच्या पोटांतही एक गांठ होती. भाडें उत्पन्नावर ठरणार, म्हणजे उत्पन्न वाढलें कीं भाडें वाढणार. एखाद्या बाईला महिना ५०० डॉलर अधिक मिळूं लागले तर १५० डॉलर भाड्यांत गेलेच. मग जास्त तास राबावें कशाला? या पेचावर १९९० सालच्या कायद्यानें एक तोड काढली. जें कुटुंब स्वावलंबनाच्या योजनेंत नांव घालील, त्याचें भाडें नियमाप्रमाणें वाढतें; पण मिळकतींतल्या वाढीमुळें आलेली ती रक्कम त्या कुटुंबाच्याच नांवानें राखीव खात्यांत जमा होते. वरच्याच उदाहरणांत महिन्यास १५० डॉलर याप्रमाणें पांच वर्षांत, व्याज सोडून, ९,००० डॉलर होतात. सोबत एक मार्गदर्शक असतो. शिक्षण, पाळणाघर, कर्जनिवारण यांची वाट तो दाखवितो. योजनेंत शिरणें ऐच्छिक आहे, आणि सरकारी गाळ्यांतल्या कुटुंबानें ती मध्येंच सोडली म्हणून त्याचें घर जात नाहीं.

ही तोड मला न्यायाची वाटते, आणि तिचें फळ किती आलें हा हिशेब मीं मुद्दामच वेगळा ठेवतों. नुसत्या या योजनेनें लोकांची एकंदर कमाई फारशी वाढत नाहीं, असें पाहणीअंतीं दिसून आलें आहे. त्यामुळें कित्येकांनीं नाकें मुरडलीं. पण जी रक्कम कष्ट करणारीच्या हातांतून गेली ती तिला परत मिळाली, याला फळ म्हणावयाचें नाहीं तर कशाला? दोष काढावयाचा तर तो निराळा आहे. करार पुरा केला नाहीं तर खात्यांतली रक्कम बुडते. पूर्वीं ती घरें चालविणाऱ्या संस्थेकडे परत जाई. २०२२ च्या नियमांनीं ती योजनेंतल्या इतर कुटुंबांच्या कामीं लावण्याची व्यवस्था झाली. ही सुधारणा खरी, तथापि तिनें कमावलेला पैसा तिच्या वागणुकीच्या परीक्षेला बांधून ठेवण्याचें कारण मला तरी सांपडत नाहीं.

याच देशानें १९९८ सालीं अगदीं उलट्या दिशेचा कायदा केला. सरकारी घरांत राहणाऱ्या ज्या प्रौढ माणसाला नोकरी नाहीं, आणि जो वृद्ध अथवा अपंग वगैरे सवलतीच्या वर्गांत बसत नाहीं, त्यानें महिन्यास आठ तास समाजसेवा करावी किंवा स्वावलंबनाच्या एखाद्या वर्गास जावें. न केल्यास वर्षाचा भाडेकरार पुन्हां होणार नाहीं. आठ तास म्हणजे कांहीं डोंगर नव्हे, असें कोणी म्हणेल. खरें आहे. पण ज्याचा नकार देतां येत नाहीं त्या सेवेला आपल्या भाषेंत जुना शब्द आहे: वेठ.

येथें आपल्याकडे थोडें पाहावें. घर विकत घेण्यासाठीं कर्ज काढणाऱ्यास अमेरिकेंत व्याजावर करसवलत मिळते. आपल्या येथेंही प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीनें, स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावर वर्षास दोन लक्ष रुपयांपर्यंतच्या व्याजाची सूट आहे. ही सूट म्हणजे सरकारी तिजोरींतून दिलेली घरासाठीं मदतच होय. ती घेणाऱ्या कोणा बँकेच्या कारकुनाला वा प्राध्यापकाला महिन्यांतून आठ तास बाग झाडावयास कोणी सांगितल्याचें ऐकिवांत नाहीं. त्याच्या मुलांच्या हजेरीचा दाखला कोणी मागत नाहीं; शिलकेचें महत्त्व पटविण्यास कोणी दारीं येत नाहीं. सांगितलें असतें तर केवढा गहजब झाला असता! मग एकाची मदत हक्क आणि दुसऱ्याची उपकार, हा भेद आला कोठून? मदत दोघांनाही मिळते. एकाची करपत्रकांत लपते आणि दुसऱ्याची भिंतींच्या रूपानें चारचौघांना दिसते, एवढाच काय तो फरक आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलक्यानें घेण्यासारखा नाहीं. सरकारी चाळींत कोणी रात्रभर दंगा केला, जिन्यांत घाण टाकली, शेजारच्या मुलीला त्रास दिला, तरी त्याला हात लावूं नये काय? अवश्य लावावा. शेजाऱ्याच्या रक्षणासाठीं केलेला नियम आणि रहिवाशाच्या स्वतःच्या भल्यासाठीं केलेला नियम या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत, आणि त्यांची गल्लत जाणूनबुजून केली जाते. दंगा करूं नये हा नियम बंगल्यांत राहणाऱ्यालाही लागू आहे. याहून अवघड प्रसंग मुलांचा. बाप पोराला शाळेंत घालीत नाहीं. तेव्हां घराचा धाक घातला तर पोराचें कल्याण होणार नाहीं काय? कदाचित् होईल. पण शिक्षणाचा कायदा सर्वांच्या मुलांना सारखाच आहे, तो त्याच्या मार्गानें चालवावा. घराचा धाक घातला तर बापाबरोबर तें पोरही रस्त्यावर येईल, आणि रस्त्यावरून शाळा अधिकच दूर असते.

धाकावांचून माणसें उठत नाहींत, ही समजूतही अनुभवाला उतरत नाहीं. १९९८ ते २००३ या काळांत अमेरिकेंतल्या सहा शहरांत सरकारी वसाहतींतून जॉब्स-प्लस नांवाचा प्रयोग झाला. त्याचीं अंगें तीन होतीं: नोकरी मिळवून देण्याची मदत वसाहतींतच ठेवावयाची, मिळकत वाढली तरी भाडें तितकें वाढूं द्यावयाचें नाहीं, आणि तिसरें, रहिवाशांनींच शेजाऱ्यांना कामाची बातमी द्यावयाची. जेथें तिन्ही अंगें नीट उभीं राहिलीं त्या तीन ठिकाणीं सात वर्षांच्या काळांत कमाई सरासरी शेंकडा १६ नें अधिक राहिली. जेथें तीं नीट उभीं राहिलीं नाहींत तेथें कांहीं झालें नाहीं. मला यांतलें तिसरें अंग विशेष वाटतें. अमुक रुग्णालयांत जागा निघाली आहे, हें शेजारीण कपडे वाळत घालतांना सांगते तेव्हां तें ऐकणाऱ्या बाईला आपण कोणाच्या दयेचा विषय झालों असें वाटत नाहीं. तिनें ‘नको’ म्हटलें तर बोलणें दुसऱ्या गोष्टीकडे वळतें. गिरणगांवांतल्या गांवच्या खोलीनें हेंच केलें होतें. येथें गांवची आणि जातीची कडी मात्र काढलेली होती.

बी. डी. डी. चाळींच्या जागीं आतां मनोरे उभे राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या ५५६ कुटुंबांना पहिल्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजीं ५०० चौरस फुटांचें स्वतःच्या मालकीचें घर, तेंही विनामूल्य. मालकी आल्यामुळें घरमालकाचा हात आपोआपच दूर झाला, ही मोठी गोष्ट आहे. पण चाळींतली जी मदत होती ती बोळांत होती, आणि मनोऱ्यांत दारें मिटलेलीं असतात. चाळिसाव्या मजल्यावरच्या म्हातारीचें दुखणें खालीं कळावयास आतां कोणी तरी मुद्दाम वर जावें लागेल. अशा वेळीं सरकारनें आणि परोपकारी संस्थांनीं तेथें जरूर जावें. तळमजल्यावर पाळणाघर काढावें, अभ्यासिका काढावी, आठवड्यांतून दोनदां डॉक्टर बसवावा, लिफ्टचा आणि देखभालीचा खर्च कसा भागवावा याचा हिशेब ज्याला हवा त्याला समजावून द्यावा. त्या खोल्यांची किल्ली रहिवाशांच्या मंडळाकडे असावी. आणि हजेरीची वही ठेवावयाचीच तर तींत आलेल्यांचीं नांवें लिहावीं, न आलेल्यांचीं लिहूं नयेत.